दोनावर चालणारा स्टार्टर

स्टार्टर या शब्दाचे तीन अर्थ मला तीन वेगवेगळ्या वयांत कळले. पहिला विहिरीवरचा. लोखंडी पेटी, एक हिरवं बटण, एक लाल, आत कॉईल. हिरवं दाबलं की खाली मोटार घुमायला लागते आणि थोड्या वेळानं पाटाला पाणी येतं. हा अर्थ मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होता, कारण मेंढरांच्या मागं पळता पळता विहिरीवर जाऊन बटण दाबून येणं हे माझं काम होतं. तिसरा अर्थ लग्नानंतर एका हॉटेलात कळला. तिथं जेवणाच्या आधी चार तुकडे आणून ठेवतात आणि त्यांचेच इतके पैसे लावतात की पुढच्या जेवणावरची वासना उडते. या दोघांच्या मधला जो दुसरा अर्थ, त्यानं आमच्या घरात जो गोंधळ घातला, त्याची आठवण काढून आम्ही अजून हसतो. मात्र त्या दिवशी विहिरीवर मला हसू आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमची वस्ती सिरसाळ्याच्या पलीकडं. चार एकर रान, एक विहीर, शंभराच्या आसपास मेंढरं आणि थोड्या शेळ्या. सकाळी उठायचं ते मेंढरांच्या गलक्यानं. माय चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिच्या थापण्याचा आवाज आणि कोकरांचं ओरडणं यांचा असा काही मेळ बसलेला की एक थांबलं तर दुसरं चुकल्यासारखं वाटायचं. वडिलांना आम्हीच काय, सगळा शिवार आबा म्हणायचा. आबा बोलायला मोठ्या आवाजाचे, हसायला त्याहून मोठ्या. फोनवर तर ते असे बोलायचे की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. मला पुण्याच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला नंबर लागला तेव्हा त्यांनी वस्तीभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आता मोटार जळायची भानगडच न्हाई. पोरगीच इंजिनेर हाय."

पोरगी पुण्यात मात्र मिटली होती. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून म्हणाले, "सर, मला कळलं न्हाई." वर्ग हसला. कळलं नाही याला हसला नाही, 'न्हाई'ला हसला. त्या दिवसापासून मला काहीजण 'न्हाई' याच नावानं हाक मारायला लागले. मी शिवराळ नाही, पण जिभेची तिखट. वस्तीवर माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. तीच मी पुण्यात मुकी झाले. तोंड उघडलं की कोणता शब्द पकडला जाईल याचा नेम नव्हता. घरी फोन केला तरी 'हं' आणि 'हो' यापलीकडं जाईना. आणि एके दिवशी मायला सांगून टाकलं, मी दिवाळीला येते ती परत जाणार नाही. तिनं ते आबांना सांगितलं असणार, पण आबांनी तो विषय काढला नाही, आणि त्यांच्यासारख्या माणसानं विषय न काढणं हेच मला जास्त टोचलं.

खोलीत माझ्यासोबत सायली नावाची वरच्या वर्षाची मुलगी होती. तिला माझं रडकं तोंड बघवेना म्हणा किंवा रविवारी सोबत हवी होती म्हणा, ती मला ओढत एका हॉलवर घेऊन गेली. वहीपेनांच्या दुकानावरचा तो हॉल. आत मोठी टेबलं, टेबलांवर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याची घरं, आणि त्यातून उभे बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या कुऱ्हाड, एकाच्या टोपीवर पीसदेखील होतं, आणि ते रंगवणाऱ्यानं त्या पिसाची एकेक काडी रंगवली होती. मिशावाली मोठी माणसं टेबलावर वाकून टेपनं अंतर मोजत होती आणि मूठभर फासे टाकून लढाया लढत होती. मला वाटलं, शिकलेल्या माणसांचं डोकं फिरलं की असं होत असावं. सायलीनं तिचे जादाचे सैनिक मला दिले. तासाभरात मी टेबलावर कोपर टेकवून उभी होते, आणि समोरच्याचा झेंडेवाला पडला तेव्हा मी ओरडले, "मारला बे!" सगळा हॉल हसला. पण ते हसणं वेगळं होतं. पुढच्या रविवारी त्या मिशावाल्यांतला एक स्वतःच फासा टाकून "मारला बे" म्हणाला, तेव्हा मला कळलं की इथं माझा शब्द पकडला गेला नाही, उचलला गेला.

पण उसन्या फौजेवर किती दिवस काढणार? तिथला रिवाज असा की नवख्याला थोडे रविवार कुणीतरी आपले सैनिक द्यायचे, मग त्यानं आपले आणायचे. दिवाळीनंतर नवख्यांच्या लढाया होत्या आणि त्यात स्वतःची फौज लागणार होती, तीही रंगवलेली. सायली म्हणाली, "तू फक्त स्टार्टर सेट घे. सगळं त्यातच असतं." किंमत साडेसहा हजार. तेवढ्यात माझी दोन-तीन महिन्यांची मेस निघाली असती. (आता नवी पोरं मला विचारतात, मावशी, स्टार्टर कोणता घेऊ? मी सांगते, कोणताही घे, पण 'सगळं त्यातच असतं' असं कुणी म्हणालं तर आधी पोट धरून हसून घे.) मला त्या वेळी एवढंच कळत होतं की तो हॉल असेल तर मी पुण्यात राहू शकते, आणि हॉलमध्ये राहायचं तर ते खोकं पाहिजे. लाज सोडून मी आबांना फोन लावला.

फोन हॉस्टेलच्या गच्चीवरून, वारा हा भणाणतोय. आबा विहिरीच्या कठड्यावर, कारण वस्तीवर रेंज फक्त तिथंच.

"आबा, मला एक स्टार्टर घ्यायचा व्हता."

"स्टार्टर? तुला कुनी सांगितलं?"

"हितं सगळ्यांकडं हाय. मी चालवून बघितला."

"चालवून बघितला! नीट चालतंय?"

"एकदम नीट. दोघांत चालतंय."

"दोनावर?" आबा ओरडले. "दोनावर चालतंय म्हंतीस?"

"हां, दोघं बास. तिसरा कावून पायजे? तिसरा असला की नुसती गर्दी."

"आगं बाई! आन् किंमत?"

मी डोळे मिटून सांगितली. वर म्हणाले, "महाग हाय मला ठाऊक हाय. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

"गप. दोनावर चालनारा साडेसहात म्हंजी फुकट हाय. पोरीला इलेक्ट्रिकलला कशापायी घातलं मग? पर हितंच मागव, गावाकडं. मला बघायचाय."

मी गच्चीवर एकटीच हसत सुटले. फोनवरच हसले, खळखळून. मराठवाड्यात माझ्या बापासारखा मोकळ्या मनाचा बाप दुसरा नसेल असं मला वाटलं, आणि ते तर खरंच होतं, फक्त कारण चुकलं होतं. मला हे कुठं माहीत की त्याच आठवड्यात विहिरीवरचा स्टार्टर जळला होता. आमच्याकडं दिवसा तीन फेज म्हणजे नवसानं. बहुतेकदा दोनच असायचे, आणि दोनावर मोटार चालवली की काहीतरी जळणार हे ठरलेलं. दोन फेजवर बिनघोर चालणारा स्टार्टर हे शिवारातल्या प्रत्येकाचं स्वप्न होतं. आबांनी दुसऱ्या दिवशी सगळीकडं सांगितलं की पोरीनं पुण्यात तसला स्टार्टर शोधून, चालवून, पारखून मागवलाय. पैसे माझ्या खात्यावर आले. ते कुठून आले हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दिवाळीला मी निघाले ती सगळं सामान घेऊन, पत्र्याच्या पेटीसकट. हॉलचं आमिष होतं, पण परतीचा निश्चय झाला नव्हता. सिरसाळ्याला एसटीतून उतरले तर आबा हजर, आणि त्यांच्यासोबत मोटार वायंडिंग करणारे सलीमचाचा. माझं पार्सल दुपारीच त्यांच्या दुकानावर आलेलं, ते चाचांच्या मांडीवर. चाचांच्या खिशात टेस्टर, पक्कड, पिशवीत वायरचं वेटोळं. मला वाटलं, दुसरीकडं कुठं कामाला निघाले असतील. दोन गाड्यांवर आम्ही निघालो, धुरळ्यात बोलणं शक्य नव्हतं, आणि गाड्या घराकडं न वळता सरळ विहिरीवर गेल्या. तिथं अर्धी वस्ती जमलेली. रानातला कांदा शेंड्याला पिवळा पडत चाललेला. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, पोरगी पुण्याहून आली म्हणून लोक जमले.

सलीमचाचांनी खोकं कानाशी धरून हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला.

"आबा, वाटंत फुटला काय की. आन् लोखंड लागंना हाताला, लई हलका हाय."

"नवीन मॉडेल आसंल," आबा म्हणाले. "फायबरची बॉडी."

चाचांनी वरचा पुठ्ठा कापला. आत चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद दुसरं खोकं, आणि त्यावर चिलखत घातलेला एक धिप्पाड गडी कुऱ्हाड उगारून उभा, मागं आगीचे लोळ. सगळे वाकून बघायला लागले. चाचांना इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची. "लिहिलं तर बराबर हाय बा. स्टार्टर सेट. सेट म्हंजी केबलबी आत आसंल. जाहिरात लई भारी केली कंपनीनं."

तेव्हा कुठं माझ्या पायाखालची जमीन सरकली. समोर जळका स्टार्टर, झाकण उघडं, आतून काळा. हातात टेस्टर घेतलेले चाचा. पिवळा कांदा. मला एकदम फोनवरचं सगळं बोलणं पहिल्यापासून ऐकू यायला लागलं.

"आबा," मी म्हणाले, "ह्यात बाहुले हायत."

"कशाचे बाहुले?"

"सैनिक. चिकटवायचे, रंगवायचे, आन् टेबलावर मांडून लढाई खेळायची."

"आन् मग दोनावर?"

"दोघांत खेळत्यात, आबा."

मग माझे चुलते, तात्या, यांना हसू आवरेना. "घ्या! दिवाळीचा बोकड गेला लढाईत!" बोकड विकलाय हे मला असं कळलं. मग सगळेच हसायला लागले. मी खाली बघत उभी राहिले. पुण्यात हसले होते ते परवडलं, इथं माझ्या बापाला हसत होते. आबांनी मात्र ते खोकं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ह्येला जर स्टार्टर म्हंत्यात, तर मोटार कुठाय?"

खरं ते सांगणं भाग होतं. "मोटार मंग घ्यायची, आबा. हळूहळू. ह्याच्यापरीस मोठाली खोकी येत्यात."

"आन् चिकटवायला डिंक?"

"त्यो येगळा."

"रंग?"

"त्योबी येगळा. बुरूससुदीक."

"चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला," सलीमचाचा म्हणाले, आणि पक्कड घेऊन जळक्या पेटीकडं वळले. पिशवीतली एक जुनी कॉईल त्यांनी त्यात बसवली. मोटार लागली, पण हिरवं बटण सोडलं की बंद पडायची. मग आबांनी बाभळीची एक खुट्टी तासून त्या बटणात ठोकून बसवली. कांदा त्या हंगामात त्या खुट्टीवर निघाला.

त्या संध्याकाळी मायनं माझ्या आवडीचे शेंगोळे केले होते, लसणाच्या रश्श्यातले. मी सांगितलं, वरचं प्लास्टिक फोडलेलं नाही, दुकानवाला परत घेतो, पैसे आले की नवीन स्टार्टर आणू, खरा. माय म्हणाली, "आन् तुजं कालिज?" मी म्हणाले, नको आता ते. आबा जेवत होते. जेवून उठले, हात धुतले, पान-सुपारीची चंची काढून बसले आणि म्हणाले, "आण बरं ते खोकं." मी दिलं. सुपारी कातरता कातरता त्यांनी त्याच अडकित्त्यानं ते चकचकीत प्लास्टिक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभं फाडलं.

"आबा! आता परत घेत न्हाईत!"

"न्हाईच जायचं परत ह्ये." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "तू जायचं."

आबा खोक्यातच बघत बोलत राहिले. "कालिजला गेलीस तवापसून फोनवर नुसतं हं-हं. त्या दिशी हसलीस. मला वाटलं स्टार्टर घावला म्हनून हसली. तर त्यासाठीच हसलीस की. मग इकलेला बोकड वाया कुटं गेला?" मी मायच्या पदरात तोंड घालून रडले. माय म्हणाली, "रड बाई, पर शेंगोळं निवायल्यात."

पुढची सुट्टी आमच्या ओसरीवर कारखाना होता. सैनिक प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात, ते सोडवायला वेगळी कात्री मिळते, तिची किंमत ऐकून आबांनी अडकित्ता पुढं केला. चिकटवायला पंक्चरचं सोल्युशन आणलं, त्यानं दोन गड्यांचे हात उलटे बसले ते कायमचे. आणि रंग? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे गोठ्याच्या फळीवर होते: हिरवा, पिवळा, आणि तो भडक गुलाबी. ब्रश म्हणून मेंढराचे केस काडीला बांधले. झेंड्यावर मायनं शिंगांना लावायची बेगड चिकटवली. फौज वाळत घातली तेव्हा शेजारणी विचारायला लागल्या, पोळा पुन्हा आलाय का.

मग आबा आणि मी घोंगडीवर लढाई मांडली. आबांच्या इतका वाईट खेळाडू मी आजवर पाहिला नाही. त्यांनी साडेसहा हजाराला सैनिकांनी भागून काढलं होतं की एक गडी एका कोंबडीच्या मोलाचा आहे, आणि म्हणून त्यांना एकही मरू द्यायचा नव्हता. फासा वाईट पडला की "शेळीनं धक्का दिला" म्हणून पुन्हा टाकायचे. मी त्यांचा गडी उचलला की ओरडायचे, "आगं, कोंबडी गेली की माजी!" माय चुलीपासून विचारायची, "किती गेल्या?" मी इतकी हसले की गाल दुखायला लागले. आज माझ्याकडं दोन कपाटं भरतील एवढ्या फौजा आहेत, चाळिशी गेली, चष्मा लावूनही पिसाची काडी दिसत नाही. पण तसा खेळ पुन्हा झाला नाही.

दिवाळी सरली आणि मी पेटी घेऊन परत गेले. नवख्यांच्या लढायांच्या दिवशी हॉलमध्ये माझं खोकं उघडलं. बाकीच्यांच्या फौजा करड्या, तपकिरी, युद्धात मळलेल्या. माझी गुलाबी, हिरवी, पिवळी, बेगडीनं चमचमणारी. समोरच्या मुलानं एक गडी उचलून विचारलं, "हे कुठले रंग आहेत?"

पूर्वीची मी असते तर गडी परत खोक्यात भरले असते. मी म्हणाले, "बैलाच्या शिंगांचे. ठेव खाली, वाळायचा हाय अजून." तो हसला, मीही हसले, आणि आम्ही फासे उचलले. त्यानं मला पार धुतलं. एकूण एक गडी गेला, उलट्या हातांचे दोघेसुद्धा.

बाहेर येऊन मी फोन लावला. आबा कठड्यावरच बसलेले असणार, पहिल्याच घंटीला उचलला. मागं मोटारीची घुमघुम ऐकू येत होती.

"जिकली का?"

"न्हाई, आबा. हारले."

"किती कोंबड्या गेल्या?"

"समद्या."

मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढचं त्यांनी अगदी हळू विचारलं. "आन् तू?"

"मी हाय की," मी म्हणाले. "ऱ्हाते हितंच. पुढच्या रविवारी बदला घ्यायचाय."

मग आबांनी फोन कानापासून काढला असणार, कारण पुढचं त्यांनी वस्तीकडं तोंड करून मायला सांगितलं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्यानं.

"आगं ये, मोटार लागली!"